इंजनानं आबाला फसवलं, ती सहल

आमच्या गावात माणसाला निरोप देत नाहीत, बोळवतात. निरोप दारातून देता येतो, बोळवण शिवेपर्यंत चालत जाऊन करावी लागते. एकदा पुसेगावचा एक पाहुणा बोळवायला आमचे दहा-बारा लोक निघाले, बोलण्याच्या नादात शीव कधी मागं पडली ते कुणाला कळलं नाही, आणि ते थेट पुसेगावात पोचले. मग पुसेगावकरांनी त्यांना बोळवायचं म्हणून आमच्या शिवेपर्यंत यायचं, आमच्यांनी पुन्हा त्यांना बोळवायला निघायचं, असं तीन दिवस चाललं आणि त्या वर्षी गावाची निम्मी पेरणी राहिली. माझी मुलं म्हणतात, माय थापा मारते. मी थापा मारत नाही. मी गोष्टीला थोडं शेणखत घालते, पीक जोमदार येतं एवढंच.

तर बोळवण्याचे नियम असे. जाणाऱ्याला त्याच्या जागेवर नेऊन बसवायचं, बोचकं नीट ठेवायचं, "सांभाळून जा" तीनदा म्हणायचं. आणि सगळ्यात थोर नियम हा की जाणारा हलल्याबिगर बोळवणाऱ्यानं हलायचं नाही. आधी पाय काढला तर "लई घाई झाली व्हय आमाला घालवायची" असं जन्मभर ऐकावं लागतं. बैलगाडीला हा नियम छान चालायचा. गाडी हलली की टुणकन खाली उडी मारायची. एस.टी.लाही चालायचा, कारण कंडक्टर दंडाला धरून उतरवून द्यायचा. रेल्वेला मात्र हा नियम आमच्या गावानं तोवर लावून पाहिला नव्हता.

मी दहावीत होते. वसमतपासून तीन कोसांवरचं आमचं गाव, वर्गात तीस पोरं आणि पोरी दोनच. एक मी आणि दुसरी शेजारच्या तांड्यावरच्या रामजी नाईकाची शांती. भूगोलाच्या सरांनी एके दिवशी नकाशावर काठी आपटून जाहीर केलं की यंदाची सहल रेल्वेनं हैदराबादला जाणार, एक रात्र गाडीत जायची, एक यायची. सर स्वतः नांदेडच्या पलीकडं कधी गेले नव्हते, पण हैदराबादचं वर्णन त्यांनी असं केलं की जणू त्यांची सासुरवाडी तिथंच आहे. ते म्हणाले, तिथल्या संग्रहालयात एक घड्याळ आहे. तास भरला की त्यातलं दार उघडतं, वीतभर माणूस बाहेर येतो, टोल देतो आणि पुन्हा आत जातो. झालं. त्या वीतभर माणसानं माझी झोप उडवली. मी विहिरीवर सगळ्या बायांना सांगून टाकलं की मी त्या माणसाशी बोलून येणार आहे, आणि त्याला आपल्याकडची हळद देणार आहे.

पण पोरी सहलीला जायच्या म्हणजे गावाला ताप चढला. मारुतीच्या पारावर बैठक बसली. तिथं माझ्या आबांनी आणि रामजी नाईकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की कुणी बाई संगं असेल तरच पोरी जातील, न्हाई तर शिवेवरूनही माघारी आणू. गावात शब्द फिरवणं आणि मिशी उतरवणं सारखंच. संगं जाणारी बाई म्हणून आत्या ठरली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, सोनाबाई. आबा तिला आक्का म्हणत, आणि अख्खं गाव तिला भीत असे. ती ओसरीवर बसून खाकरली तर तांड्यावरची कोंबडी अंडं द्यायची थांबायची. आबा गावात वाघ होते, पण आक्कासमोर त्यांचा आवाज पाण्यात भिजलेल्या ढोलकीसारखा व्हायचा.

सहलीच्या आदल्या दिवशी आमच्या घरातून असा वास सुटला की वाटेनं जाणारे लोक उगाचच पाणी मागायला येऊ लागले. माय दशम्या करत होती, दुधात मळलेल्या ज्वारीच्या, आठ दिवस टिकतील अशा. आत्या धपाटी थापत होती आणि प्रत्येक थापेसरशी मला उपदेश करत होती. "खिडकीतून मुंडकं काढू नको," थप्प. "कुणी काही दिलं तर खाऊ नको," थप्प. "हसू नको," थप्प. उखळात शेंगदाण्याची चटणी कुटली जात होती, पाट्यावर ठेचा वाटला जात होता, आणि तव्यावर मिरच्या पडल्या की सगळं घर एकदम शिंकत होतं, बैलसुद्धा. आता सुनेच्या स्वयंपाकघरात तो पंखा आहे ना, सगळा धूर बाहेर ओढणारा, त्याच्याखाली उभी राहिले की मला वाटतं, घर एकत्र शिंकेना तर ते कसलं घर. शेवटी बोचकं एवढं झालं की त्यात शांतीला बसवून नेता आलं असतं. मायनं दशम्या मोजल्याच नाहीत. ती नुसती बांधत होती आणि गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी वसमतच्या स्टेशनावर तीस पोरं, दोन पोरी, एक सर, एक आत्या आणि बोळवायला निम्मं गाव. तेव्हा छोटी लाईन होती. गाडी आली तसे सगळे आत घुसले, जाणारे जितके तितकेच बोळवणारे. आबांनी मला खिडकीशी बसवलं, बोचकं बाकाखाली सारलं, "सांभाळून जा" दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता थांबले.

"आक्का," ते म्हणाले, "इंजनाला नारळ फोडला का?"

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडं नवी गाडी जुंपायची तर नारळ फोडल्याशिवाय बैल पाऊल टाकत नाहीत. इथं एवढं लोखंडाचं धूड दोन पोरी घेऊन परमुलखात निघालेलं आणि त्याला साधं हळद-कुंकू नाही!

"काहून सांगितलं न्हाई रं आधी?" आत्या ओरडली, पिशवीतला नारळ काढला आणि पदर खोचून इंजिनाकडं पळाली. ती इंजिनापाशी पोचली, ड्रायव्हरला म्हणाली, "थांब रं लेकरा, हालू नको," आणि तिनं नारळ रुळावर आपटला. नारळ फुटला आणि नेमकी त्याच क्षणी शिट्टी झाली. आत्या आजही शपथेवर सांगेल, म्हणजे असती तर सांगितलं असतं, की शिट्टी इंजिनानं दिली नाही, नारळातून आली. गाडी हलली. आत्या दोन हातांत दोन खोबरेवाट्या घेऊन फलाटावर उभी, आणि आमचा डबा तिच्यासमोरून सरकत गेला. "अगं बया! माझ्यात पोरी हायेत!" असं काहीतरी उलटसुलट ती ओरडली.

आणि डब्यात काय? जाणारे हलले होते, म्हणून आता बोळवणारे नियमाप्रमाणं हलायला उठले. पण रेल्वेत जाणारा हलला की बोळवणाराही त्याच्यासंगं हलतो, हे कुणाच्या ध्यानात आलंच नव्हतं. दाराशी ही गर्दी. "उतर ना!" "कसं उतरू, जमीन पळून राहिली!" "मला म्हशी पिळायच्या हायेत रं!" एक काका गाडीला बैलासारखं "हो हो हो" करत थांबवायला बघत होते. पुढच्या लहान स्टेशनावर गाडी गोगलगायीसारखी झाली तेव्हा तीस-बत्तीस जण भदाभदा उतरले आणि शेतातून गावाकडं चालू लागले. राहिले दोघं, आबा आणि रामजी नाईक. संगं बाई नाही, पोरी एकट्या, ते कसे उतरणार? शब्द दिलेला होता.

आबा माझ्यासमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "पूर्णा आली की उतरायचं. तिथनं माघारी."

बाहेर तुरी, कापूस, उसाच्या गाड्या, सगळं मागं मागं चाललं होतं आणि माझ्यासंगं तो वीतभर माणूसही मागं चालला होता. रडायचं नाही असं मी ठरवलं, कारण समोर तीस पोरं होती आणि त्यांतल्या एकानं जरी पाहिलं असतं तर तीस वर्षं चिडवलं असतं. शांतीनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी पिचली. मला एक पक्कं ठाऊक होतं. शिवेवरून एकदा माघारी आणलेल्या पोरीला पुन्हा कुणी शीव ओलांडू देत नाही. हैदराबाद राहू द्या, पुढं वसमतच्या कॉलेजातही कुणी पाठवलं नसतं.

पूर्णेला दिवस मावळतीला आला होता. आबांनी बोचकं उतरवलं, नाईकांनी शांतीला उतरवलं. भूगोलाचे सर आबांच्या मागं मागं, हात जोडून.

"नामदेवराव, मी हाय की. माझ्या लेकीवाणी सांभाळतो."

"मास्तर, तुमी हायेत, पण तुमी बाई न्हाई."

"आता त्याला मी काय करू?" सर रडकुंडीला आले.

"तुमाला कुठं बोल लावून राहिलो? शब्द दिला ना आमी पारावर. वसमतची माघारची गाडी कवा हाय तेवढं सांगा."

"तासाभरानं, पलीकडच्या फलाटाला."

आम्ही दोघी बोचक्याला धरून उभ्या. आबा चहा घ्यायला म्हणून गाड्यापाशी गेले, बशीतून दोनदा फुर्र केलं, चहावाल्याशी काहीतरी बोलले आणि आले. तेवढ्यात आमच्या गाडीचं इंजिन सुटं झालं, एकटंच धुसफुसत शेजारच्या रुळावरून मागं गेलं आणि गाडीच्या शेपटाला जाऊन जोडलं गेलं. पूर्णेला हे रोजचंच होतं. वसमतकडून आलेली गाडी नांदेडला न्यायची तर तोंड फिरवावं लागतं. आधी गाडी थोडी आल्या वाटेनं जाते आणि मग नांदेडच्या फाट्याला वळते. सरांनी हे आम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण आबांना ना फळा ठाऊक ना फाटा. ते इंजिनाकडं टक लावून बघत राहिले आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाले,

"नाईक! हे बघा! इंजन माघारच्या अंगाला लागलं. म्हंजी हीच गाडी वसमतला माघारी चालली. तासभर काहून थांबायचं? चला, बसा!"

नाईकांनी डोळे बारीक करून पाहिलं. "बराबर. जिकडं बैल तिकडं गाडी."

आणि दोघांनी आम्हाला आणि बोचक्याला उचलून, ज्या डब्यातून उतरवलं त्याच डब्यात, त्याच बाकावर आणून बसवलं. सरांनी बोलायला तोंड उघडलं. मी सरांकडं पाहिलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. सगळी हयात दिशा शिकवण्यात घालवलेला तो माणूस, पण त्यानं तोंड मिटलं आणि जन्मात पहिल्यांदा पूर्व-पश्चिम पोटात ठेवली.

डब्यात तीस पोरांना एका नजरेत सगळं कळलं. आता ही पोरं अशी की वर्गात पाल चुकचुकली तरी अर्धा तास गलका. पण त्या दिवशी एकाच्याही तोंडून "नांदेड" निघालं नाही. सरांनी खूण केली तशी पोरांनी खिडक्या धडाधड खाली ओढल्या, "थंडी वाजून राहिली!" म्हणून. स्टेशन आलं की मोठ्यानं पाढे म्हणायचे. लिंबगावला सतराचा पाढा झाला, पुढं एकोणतिसाचा. आबा अधूनमधून विचारायचे, "मास्तर, वसमत आलं का?"

"आलंच."

"येताना एवढा वेळ लागला न्हवता."

"चढ हाय, नामदेवराव," सर म्हणाले. रेल्वेला चढ! मी पदराआड तोंड लपवलं. आबा गंभीरपणे म्हणाले, "व्हय, चढच दिसतो," आणि त्यांनी बोचकं सोडून आत्याचं पहिलं धपाटं काढलं.

शेवटी गाडी नांदेडला शिरली. लाल-हिरवे दिवे, हमाल, फलाटावर ही माणसं. आबांनी खिडकी वर केली, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "वसमतला एवढे दिवे कवा लागले हो, नाईक?"

सरांनी खाली वाकून आबांचे पाय धरायलाच घेतले. सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता आबा गाडी उचलून आपटतात. आबांनी पगडी काढली, डोकं खाजवलं. म्हणाले, "म्हंजी इंजनानं फशिवलं तर. आता माघारी गाडी कवा?"

"सकाळी."

"मंग पोरी काय रातभर टेसनात ठिवायच्या? लोक काय म्हनतील? नाईक, काय करता?"

"चला की फुडं," नाईक म्हणाले. ते मघापासून चौथी दशमी खात होते. तिकीट तपासनीस आला तेव्हा आबांनी त्याला आधी बसवलं, धपाटं दिलं आणि मग गाव विचारलं. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते थांबायच्या आत आबांची कहाणी सांगून झाली होती. त्यानं हसत हसत दोन तिकिटं फाडली, सरांनी ती घेतली, आणि तो उरलेला ठेचा कागदात बांधून घेऊन गेला.

हैदराबादबद्दल मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी पाहिलंय. घड्याळाचं तेवढं सांगते. बाराला पाच कमी असताना आम्ही तिथं पोचलो. शे-दीडशे माणसं घड्याळाकडं तोंड करून बसलेली, आबा सगळ्यांत पुढं, मांडी घालून, जणू कीर्तनाला. दार उघडलं, वीतभर माणूस आला, बारा टोल देऊन आत गेला. मी श्वास सोडला. आबा मात्र हलले नाहीत. "एकचा बघू," म्हणाले. एकचा पाहिला. "आता एकच टोल दिला, बिचाऱ्याला आराम." दोनचाही पाहिला. मग चिंतेनं त्यांनी रखवालदाराला विचारलं, "का हो साहेब, दर तासाला याला उठवता, मंग हा जेवतो कवा?" रखवालदार म्हणाला, "चाचा, इसकी बहुत तकलीफ है, छुट्टीच नहीं." आबांना ते इतकं पटलं की निघताना त्यांनी घड्याळाला हात जोडले. मग बाहेर येऊन सरांना बाजूला घेतलं आणि एक पोस्टकार्ड लिहून घेतलं, मायला. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू जा, मोठ्यांचं हाय."

परत आलो तेव्हा गावात आत्यानं सांगून ठेवलं होतं की रेल्वेनं तिच्या भावाला पळवून नेलं. आधी ती आम्हाला बघून रडली, मग आबांवर अशी बरसली की पत्रे वाजले. पण आबांकडं उत्तर तयार होतं. "आक्का, म्या पोरी माघारीच आणून राहिलो होतो. नाईक साक्षीला हायेत. इंजनच उलटं लागलं, त्याला म्या काय करू?" शब्द मोडला नव्हता, चूक झाली होती, आणि आमच्या गावात चुकीला माफी आहे. मग आठ दिवस आबांच्या ओसरीवर ही मैफल. लोक विचारायचे, "मंग आबा, वसमत आलं का?" आणि आबा स्वतःवर हसवून घ्यायचे. गावात त्यांच्याइतका शहाणा माणूस नव्हता, पण आठ दिवसांत त्यांच्याइतका येडा कुणी राहिला नाही, आणि त्यांना त्याचं काहीच वाटेना. पुढच्या वर्षी सहा पोरी सहलीला नावं द्यायला तयार झाल्या. आबा संगं असले की झालं, असं लोक म्हणायचे. चुकीच्या गावी नेतील, पण जेवू घालून आणतील.

अशाच एका मैफलीत पोस्टमन आला. आम्ही घरी येऊन आठवडा झाला होता, आणि आबांचं कार्ड आता पोचत होतं. ओसरीवर वीस माणसं, खांबाला टेकून आत्या, दाराआड माय. "वाच वाच," सगळे म्हणाले. आबा एकदम सुपारी कातरू लागले. मी कार्ड हातात घेतलं. सरांचं अक्षर, चारच ओळी:

"गाडी हैद्राबादला चालली हे मला पूर्णेलाच ठावं होतं. चहावाल्याला इचारून घेतलं. पोरगी बोचक्याला धरून उभी होती, रडली न्हाई. रडली असती तर माघारी आणली असती. आक्काला सांगू नको, गावाला हसू दे."

मी आबांकडं पाहिलं. ते सुपारी अशी कातरत होते की तिचं पीठ झालं होतं. समोर आत्या बसलेली, आणि मारुतीच्या पारावरची सगळी माणसं. मी घसा खाकरला आणि वाचायला लागले.

"'आमी सगळे सुखरूप हाय. इंजनानं घात केला. पूर्णेला म्या लई इरोध केला, पण गाडी ऐकंना.'" लोक माना डोलवू लागले. मला धीर आला. "'नांदेडला म्या उडी मारणार होतो, नाईकांनी धोतर धरलं. हैद्राबादला उतरलो तर समोर हत्ती. हत्तीला म्या इचारलं...'" अशी मी वाचतच राहिले. हत्ती झाला, बाजार झाला, घड्याळातल्या माणसानं आत्याची खुशाली विचारली, तेव्हा आत्यानं डोळ्याला पदर लावला. माझी पहिली थाप ती. त्यानंतर मी आयुष्यभर ज्या मारल्या त्या सगळ्या तिच्या लेकी-नाती.

बैठक उठल्यावर मी चुलीपाशी गेले. मायला अक्षर येत नव्हतं. तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं केलं.

"चारच वळी दिसत्यात गं, पोरी."

"बारीक लिवलंय, माय."

"आता हाय ते वाच."

मी वाचलं. हळू आवाजात, एक शब्द इकडचा तिकडं न करता. रडली असती तर माघारी आणली असती, तिथं माझा आवाज थोडा फाटला. मायनं कार्ड घडी करून चोळीत ठेवलं आणि भाकरी उलटली.

"हेबी खोटंच," ती म्हणाली. "म्हनं पूर्णेला ठरविलं! बोळवायला जाणारा माणूस घरून निघतानाच एकावर एक दोन धोतरं नेसतो व्हय गं?"